आई बाळंतपणाला येणार होती

दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मला आधी आनंद झाला की आधी भीती वाटली, हे आजही नक्की सांगता येत नाही. आनंद झाला असणारच, मी काही दगड नाही. पण लक्षात राहिली आहे ती भीती. मूल होणार म्हणजे आई येणार. अमेरिकेतल्या मराठी घरांचा हा न लिहिलेला कायदाच आहे. मुलीनं फोनवर बातमी दिली की तिकडे आईचा पासपोर्ट, व्हिसाची रांग, डिंकाचे लाडू, आळीव, जुन्या साड्यांची दुपटी, आणि मग सहा महिने मुक्काम. बाकीच्या मुली डोळ्यांत प्राण आणून आईची वाट बघतात. मी बाथटबच्या काठावर बसून विचार करत होते, हिला थोपवायचं कसं.

आईशी माझं भांडण नव्हतं. उलट वडील गेल्यापासून आम्हा दोघींना आम्ही दोघीच होतो. पण आई म्हणजे आई होती. अकोल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून तिनं जन्मभर शिकवलं. आम्ही बौद्ध. म्हणजे आजोबांच्या लहानपणापर्यंत गावाबाहेरच्या वस्तीतले, ज्यांची सावलीसुद्धा चालत नव्हती त्यांच्यातले. ही गोष्ट आईनं कधी दबक्या आवाजात सांगितली नाही. ती सभेत उभी राहून बोलायची, खणखणीत. कुणी भेटलं की दोन शब्दांचा तो आमचा नमस्कार आधी, चहापाणी नंतर. ते दोन शब्द ऐकले की महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, समोरचं माणूस कुठलं. इथे मॉरिसव्हिलमध्ये आमच्याबद्दल ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण मी माहीत होऊ दिलं नव्हतं. या लिखाणात कुणाचंच नाव नाही, आणि तो नमस्कारही नाही. सवय जात नाही.

हे ठरवून केलेलं नव्हतं. दोन हजार एकच्या मंदीत नवऱ्याची टेक्सासात अर्विंगमधली नोकरी गेली. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. आम्ही सोफा विकला होता, गाडीला गिऱ्हाईक बघत होतो. तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीनं इथे नॉर्थ कॅरोलायनात एका मराठी काकांच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत त्याचं काम झालं. काका मूळचे पुण्याचे, फार वर्षांपूर्वी आलेले. फोनवरच्या इंटरव्ह्यूत त्यांनी नवऱ्याचं आडनाव ऐकलं आणि खुशीत म्हणाले, "अरे वा, म्हणजे शहाण्णव कुळी!" आमचं आडनाव तसं फसवं आहे. मराठ्यांत सापडतं, माळ्यांत सापडतं, आमच्यातही सापडतं. नवरा नुसता हसला. त्या एका हसण्यावर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं. व्हिसा त्या कंपनीचा, ग्रीन कार्डचा अर्ज तीच करणार, इन्शुरन्स तिचा, म्हणजे माझं बाळंतपणसुद्धा तिच्याच जिवावर.

"यार, त्यांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. विषय संपला," असं नवरा म्हणायचा. त्याच्यापुरता संपला असेल. पुरुषांना कुणी काही विचारत नाही. ते भेटले की क्रिकेट, शेअर आणि व्हिसा. विचारतात त्या बायका. तुमच्यात गौरी उभ्याच्या की खड्यांच्या? तुमच्यात दिवाळीचा फराळ कधीपासून? कुलदैवत कुठलं? आणि सगळ्यात जीवघेणा प्रश्न, माहेरचं आडनाव काय? सासरचं फसवं होतं, माहेरचं नव्हतं. ते तोंडातून निघालं की कारभार आटोपला.

काकांच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. त्यांनी मला हा प्रश्न पहिल्याच हळदीकुंकवाला विचारला, माझ्या कपाळाला कुंकू टेकवता टेकवता. मी एक दुसरंच आडनाव सांगितलं. शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या ब्राह्मण मैत्रिणीचं. ते इतकं सहज निघालं, की माझी मलाच भीती वाटली. काकूंचा चेहरा उजळला. "अय्या, म्हणजे आपल्यातलीच की गं तू! लव्ह मॅरेज वाटतं?" मी मान हलवली. एक खोटं सांगायला गेले आणि त्याला दुसरं आपोआप येऊन चिकटलं. हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि आरशात बघितलं तर माझ्याच डोळ्यांकडे बघवेना.

काकू दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर फार बरं झालं असतं, लांब राहता आलं असतं. मला पहिले तीन महिने पाणीसुद्धा पचत नव्हतं, तेव्हा त्या स्वतः ड्राइव्ह करून आमसुलाचं सार आणि मऊ भात घेऊन यायच्या. "अगं, आपलं कोण आहे इथे एकमेकींशिवाय?" म्हणत पाठीवरून हात फिरवायच्या. त्यांचा हात पाठीवर असेपर्यंत मी श्वास धरून ठेवायची. वाटायचं, माझ्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं आहे आणि ते त्यांच्या बोटांना लागेल.

एकदा त्यांच्याकडे पॉटलक होतं. कंपनीतल्या एका मुलाचा विषय निघाला, तो त्या दिवशी आलेला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "कोट्यातला असणार यार. कोड बघितलास का त्याचा?" सगळे हसले. काका हसले. काकू भजी वाढता वाढता म्हणाल्या, "मला तर आडनावावरूनच डाउट आला होता." नवरा ताटलीत बघत राहिला. मी हसले. हसणं कुठे थांबवायचं ते कळेना म्हणून इतरांपेक्षा जरा जास्तच हसले. पुढे त्या मुलाचा प्रोजेक्ट संपला आणि काकांनी त्याला दुसरा दिला नाही. तो परत गेला. खरं कारण तेच होतं की मंदी, देव जाणे. मला कारणाशी कर्तव्यच नव्हतं, भ्यायला तेवढं पुरेसं होतं. त्यानंतर आडनाव हा शब्द कानावर पडला की माझे हात गार पडायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरंच आहे. फक्त मी चोरलं काय होतं, तेवढं मला सापडत नव्हतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहायची. गोरी, उंच, धारदार नाकाची, आणि डोक्याला कायम रुमाल. तिचा उच्चार इथल्या दक्षिणेकडचा, सावकाश, शब्द चघळत बोलल्यासारखा. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती, म्हणून मी दिवसभर घरी. तिच्याकडे यायला जवळपास कुणी नव्हतं. मी खाली पोहे घेऊन जायची, ती मला मक्याचा पाव द्यायची आणि हनी म्हणायची. तिच्यापाशी मला सुटल्यासारखं वाटायचं. तिला गौरी माहीत नव्हत्या, आडनावं माहीत नव्हती. माझं आडनाव तर तिला उच्चारताही येत नव्हतं, देव तिचं भलं करो.

तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. एका सकाळी मी गेले तर ती रुमालाच्या गाठीशी झटत होती. गाठ बसत नव्हती. मी आपलं आपल्याकडे म्हणतात तसं म्हणून गेले. म्हटलं, "सोडा तो रुमाल. मी वरून तेल आणते, कोमट करून डोक्याला छान चोळून देते आणि वेणी घालून देते." आपल्याकडे म्हातारीच्या डोक्याला तेल लावायचं म्हणजे माया. त्यात विचारायचं काय? मी बोलता बोलता गाठीला हात घातलासुद्धा.

ती खुर्चीतून अशी उठली की कॉफीचा कप कार्पेटवर पालथा झाला. दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरून ती भिंतीला जाऊन टेकली. "नो, नो, नो," एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. रागावलेलं माणूस असं बघत नाही. सापडलेलं माणूस असं बघतं. हे डोळे मी काकूंच्या बाथरूमच्या आरशात पाहिले होते.

नंतर कितीतरी दिवस तिनं दार उघडलं नाही. आणि मग एका दुपारी तीच जिना चढून वर आली, धापा टाकत. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू कुणाला सांगितलंस?"

"काय सांगणार? मला काही कळलंच नाही," मी म्हटलं.

मग तिनं रुमाल काढला. पांढरे केस, टोकांना ओढून सरळ केलेले आणि मुळाशी दाट, बारीक कुरळे. "यात तुला काहीच दिसत नाही?" मी म्हटलं नाही. खरोखरच दिसत नव्हतं. म्हातारीचे केस दिसत होते. तेव्हा ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंडावर हात ठेवला.

मग तिनं सांगितलं, तुटक तुटक. तिची आई काळी, वडील गोरे. ज्या गावात ती जन्मली तिथे अशा लग्नाला कायद्यानंच बंदी होती, त्यामुळे लग्नाचा प्रश्नच नव्हता. बसमध्ये, शाळेत, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा काळ्यांची जागा वेगळी. हिचा रंग मात्र वडिलांवर गेला. विशीत ती गाव सोडून दूरच्या एका शहरात गेली आणि तिथे गोरी म्हणून राहिली. टोप्यांच्या दुकानात नोकरी धरली. त्या दुकानात काळ्या बायकांना टोपी विकत घेता यायची, पण डोक्यावर घालून बघता यायची नाही. आणि तिथे ही टोप्या विकत होती. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या कुणीतरी गावचं दुकानात येईल. पुढे एका गोऱ्या माणसाशी तिनं लग्न केलं. आठवड्यातून एकदा दार लावून तापवलेल्या लोखंडी कंगव्यानं केस सरळ करायची. कातडी भाजली तरी आवाज करायची नाही.

"मुलगी झाली तेव्हा मला कळांची भीती नव्हती," ती म्हणाली. "नर्सनं बाळ उचललं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. कुणी काही बोलतंय का ते ऐकत राहिले."

बाळ गोरं होतं. आणि मग काही महिन्यांनी तिची आई नातीला बघायला आली. मागच्या दारानं. हिनं नवऱ्याला सांगितलं, धुण्याला नवीन बाई बघतेय. आईनं नातीला मांडीवर घेतलं, तिचे लंगोट बदलले, सगळे कपडे धुऊन वाळत घातले. नवरा माणूस चांगला होता, असं ती दोनदा म्हणाली. बाहेर थंडी होती म्हणून त्यानं त्या बाईला आपला जुना कोट दिला. तिची आई म्हणाली, थँक यू, सर. आणि कोट घालून मागच्या दारानं निघून गेली.

"मग पुन्हा कधी आली?" मी विचारलं.

"नाही, हनी."

मी पोटावर हात धरून बसले होते. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर तो सगळा तिच्यासाठी नव्हता. मी तिला म्हटलं, आता तर तो कायदा कधीच गेला, नवराही राहिला नाही, मग अजून रुमाल कशाला? ती म्हणाली, "कायदा गेला. माझी मुलगी आहे ना." मुलीला काहीच माहीत नव्हतं. ती साठीला आली होती आणि जन्मभर स्वतःला गोरी समजत होती.

त्या दुपारी मीही माझं सांगितलं. जात हा प्रकार इंग्रजीत सांगायला बसलं की किती हास्यास्पद वाटतो, ते तेव्हा कळलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. "पण तुम्ही सगळे दिसता तर सारखेच," ती म्हणाली. "मग त्यांना कळतं कसं?"

"विचारतात."

"काय विचारतात?"

"आईचं आडनाव. देव कुठला. सणाला काय रांधता."

ती मग म्हणाली, "आमच्याकडे निदान बघावं तरी लागायचं." आणि जरा वेळानं, "तुझी आई कधी येणार आहे?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. डोळे मिटले की कोट घालून चाललेली एक बाई दिसायची आणि ती वळली की आईच निघायची. त्याच उन्हाळ्यात म्हातारीची मुलगी येऊन तिला फ्लोरिडाला आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत बसताना तिनं रुमालाची गाठ चाचपली आणि मला हात केला. मुलगी माझ्याशी अगदी गोड बोलली. मी शक्य तितकं कमी बोलले, न जाणो माझ्या तोंडून काही निसटायचं.

आईला थोपवायचे सगळे उपाय मी करून पाहिले. इथली थंडी, तिचे गुडघे, विमान बदलायची कटकट. इथे हॉस्पिटलमध्ये सगळं करतात गं, तू कशाला दगदग करतेस. ती मग म्हणाली, "काऊन गं, येऊ नको म्हणून राहिली का तू मले?" मी म्हटलं, छे, तसं कसं म्हणेन. आणि ती आली. एअरपोर्टवर पांढऱ्या सुती साडीत, दोन बॅगा ढकलत आली आणि मला बघितल्याबरोबर लांबूनच खणखणीत आवाजात तो दोन शब्दांचा नमस्कार. मी आधी आजूबाजूला बघितलं, मग तिला मिठी मारली. ते तिच्या लक्षात आलं. शाळामास्तरीण होती, मागच्या बाकावरचं कुजबुजणंसुद्धा तिच्या तावडीतून सुटायचं नाही.

मुलगी झाली. काकूंनी हॉस्पिटलमध्ये फोनवरच जाहीर करून टाकलं की बारसं आमच्याकडे, पाळणा आहे, चाळीस माणसं सहज मावतात, आजींना अजिबात त्रास द्यायचा नाही. मी नवऱ्याला म्हटलं, नाही सांग. नवरा म्हणाला, "नाही म्हटलं तर ऑड दिसेल. नेक्स्ट वीक ते ग्रीन कार्डचे पेपर्स फाइल करतायत." बाळाला पाजायला घ्यायची, पण दूध येईना. आई म्हणायची, पहिलटकरणीला होतं असं, येईल. तिला वाटत होतं मी अशक्त आहे.

शेवटी मी तिला सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, शहाण्णव कुळीपासून. ती थापत राहिली.

"म्हणजे मी कोण म्हणून जायचं तिथं?" तिनं विचारलं.

मी ते आडनाव सांगितलं.

"हे तर तुझ्या त्या मैत्रिणीचं होय."

"हो."

"अन् तुझ्या बाबाचं?"

मी म्हटलं, "आई, कार्ड हातात येईपर्यंत. मग नाही. नाहीतर तू येऊच नकोस बारशाला. गुडघे दुखतात सांगते मी." ती म्हणाली, "नातीच्या बारशाले आजी नाही? लोक इचारतीन ना मग." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. आणखी काही बोलली नाही. तिनं तेव्हा ओरडायला हवं होतं. मला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. तिचं ते गप्प राहणं मला कळेना आणि मी आणखीच घाबरले. सभेत उभं राहण्याआधी ती अशीच गप्प व्हायची.

बारशाच्या दिवशी काकूंचं घर पैठण्यांनी भरलं होतं. लाकडी पाळण्याला झेंडूच्या कागदी माळा, खाली रांगोळी, कोपऱ्यात देव्हारा, समई. काकूंनी दारातच आईला मिठी मारली आणि सगळ्यांना ओळख करून दिली, ते माझ्या मैत्रिणीचं आडनाव घेऊन. आई उभी होती. तिची मान हलली की नाही ते मला दिसलं नाही, मी रांगोळीकडे बघत होते.

"आजी, कुलदैवत कुठलं हो तुमचं?" कुणीतरी विचारलं. आई म्हणाली, "तुळजापूरची." जराही अडखळली नाही. ज्या बाईनं मला वाचायला शिकवायच्या आधी बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, ती म्हणाली तुळजापूरची. माझ्या छातीवरचं ओझं कमी व्हायला हवं होतं. उलट माझा जीव आणखी टांगणीला लागला. इतकं नीट चाललंय म्हणजे पुढे काहीतरी होणार.

गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून वरून फिरवलं. काकूंनी तिला आत निजवलं, नाव कानात सांगितलं. आणि मग टाळी वाजवून म्हणाल्या, "आता पाळणा! आजी, तुम्ही म्हणायचा. आम्हाला कुणाला धड येत नाही, आम्ही सीडी लावतो दरवेळी."

आमच्या वस्तीत कुठेही बारसं असलं की पाळण्याला आईलाच बोलवायचे. तिला पाळणे भरपूर येतात, आणि ते सगळेच्या सगळे एकाच बाळाचे. आमच्या घराघरांत ज्यांचा फोटो असतो, त्यांच्या जन्माचे. दुसरा एकही तिला येत नाही. येऊच दिला नाही तिनं स्वतःला. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यांचं नाव येतं आणि नाव आलं की आईचा आवाज चढतो, लहानपणापासून मी ऐकत आले आहे. मी म्हटलं, "काकू, आईचा घसा बसलाय हो." काकू म्हणाल्या, "काहीतरीच काय! एकच म्हणू दे."

आईनं पाळण्याची दोरी हातात घेतली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. खाकरली आणि सुरुवात केली. तीच चाल. पहिला दिवस. मला त्यातला शब्दन् शब्द माहीत होता, पुढची ओळ कुठली ते माहीत होतं, त्यापुढे काय येणार ते माहीत होतं. नवरा पुरुषांत उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. काका समोर सोफ्यावर. कडवं शेवटाला आलं. मला उठून बाळाला चिमटा काढावासा वाटला, ती रडली असती तरी चाललं असतं. मी पाळण्याची कड धरून डोळे मिटले.

आईनं तिथे कृष्णाचं नाव घातलं.

आवाज चढला नाही. अक्षर जास्त झालं नाही, कमी पडलं नाही, ताल चुकला नाही. दुसरं कडवं, पुन्हा तसंच. तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी ती त्या जागेपाशी यायची, त्यांचं नाव काढून घ्यायची आणि दुसरं ठेवून पुढे जायची. बायकांनी ध्रुवपद उचललं. ऐकता ऐकता काकूंचे डोळे भरून आले. "किती गोड चाल आहे हो! आमच्यात नाही ही. तुमच्या विदर्भाकडची का?"

"हो," आई म्हणाली, "आमच्याकडची."

परतताना नवरा गाडी चालवत होता. त्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता, तो जिलबी फार मस्त होती वगैरे बोलत होता. बाळ कार सीटमध्ये झोपलं होतं. त्याच्या एका बाजूला मी, एका बाजूला आई. बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. मी बाळावरून हात पलीकडे नेऊन तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. माझ्या बाबांना पोलिसांनी मोर्चातून उचलून नेलं त्या दिवशीही तिचा हात असा झाला नव्हता.

ती माझ्याकडे वळली आणि ड्रायव्हिंग करणाऱ्या जावयालासुद्धा ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "जमलं ना गं मले? कुठं चुकली तर नाही ना मी?"